घाट उतरताना डावं हेअरपिनच का चुकतं?

साडेतीन_गिअर
मंडळी, नेमका प्रश्न असा. गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम. एकटा माणूस, सामान नाही. घाट चढताना काही अडचण नाही. उतरताना उजवी वळणंही जमतात. डावं हेअरपिन, म्हणजे केसाच्या पिनेसारखं उलटं फिरणारं वळण, आलं की मात्र निम्मं वळण झाल्यावर गाडी बाहेर सरकायला लागते आणि मधल्या पट्ट्यावर जाते, क्वचित पट्ट्याच्या पलीकडे. वेग २५-३० च्या घरात, गिअर दुसरा. रस्ता कोरडा, टायर बरे आहेत. घाट कुंभार्ली, पाटणकडून चिपळूणला उतरताना.

'हळू चालव' हे उत्तर घरून मिळालेलं आहे. त्याच्या पुढचं हवंय.

गगनभेदी
हळू चालव.

(मी घरचा नाही, तरी.)

घाटकरी
गगनभेदी, तुमचं उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. किती हळू आणि कुठपर्यंत हळू, ते सांगायला हवं.

डोंगरी रस्त्यांच्या आपल्याकडच्या मानकांत हेअरपिनचा वेग ताशी २० किमी धरलेला आहे आणि आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर. जुन्या घाटांत तीही मिळत नाही. आता आपण डावीकडून चालतो. म्हणजे डाव्या हेअरपिनला आपली लेन आतली, त्रिज्या साधारण १६ मीटर. उजव्याला आपली लेन बाहेरची, साधारण २० मीटर. गाडी किती झोपवावी (आत झुकवावी) लागेल हे वेगाच्या वर्गावर आणि त्रिज्येवर ठरतं, गाडीच्या वजनावर नाही. ३० च्या वेगाला २० मीटरमध्ये सुमारे १९-२० अंश लागतात, १६ मीटरमध्ये २४. वेग ३५ झाला की हेच आकडे २६ आणि ३१ होतात. स्पीडोमीटरचा काटा पाचच घरं सरकला, पण डाव्या वळणात सात अंशांचा फरक पडला. टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षात याहून दोन-तीन अंश जास्तच.

दुसरी गोष्ट उताराची. हेअरपिनमध्ये बाहेरची कड आणि आतली कड तेवढीच उंची उतरतात, पण आतल्या कडेची लांबी कमी. म्हणून आतल्या बाजूला उतार तीव्र. डावं वळण तुम्ही जास्त तीव्र उतारावरून घेताय आणि उजवं सौम्य उतारावरून. पाय न लावता गाडी डाव्या वळणात वेग धरते ती यामुळे.

म्हणून 'उजवं जमतं, डावं नाही' यात तुमचा दोष पुढचा, रस्त्याचा आधीचा.

सुकी_चेन
गणित उत्तम. पण वळणात कोणी अंश मोजत नाही. मुद्दा नजरेचा आहे.

बाहेर जाणाऱ्या दहातले आठ जण मधल्या पट्ट्याकडे बघत असतात. पट्ट्यावर जायचं नाही म्हणून पट्ट्याकडे बघायचं, आणि बघितलं की हात तिकडेच नेतात. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्यातच चाक जातं, त्यातलाच प्रकार.

नजर तीन टप्प्यांत हलवायची. वळणाच्या आधी ब्रेक लावताना आत शिरण्याची जागा. गाडी झोपवायच्या आधीच नजर वळणाच्या आतल्या टोकावर. गाडी झुकली की ताबडतोब वळण जिथे सुटतं तिथे. डाव्या हेअरपिनला याचा अर्थ हनुवटी जवळजवळ डाव्या खांद्यावर. नुसते डोळे तिरपे करून भागत नाही, हेल्मेटची कड आड येते आणि मान न वळल्यामुळे खांदेही सरळ राहतात.

गगनभेदी
मान एवढी वळवली तर समोरचा खड्डा कोण बघणार?

सुकी_चेन
तो आधीच बघून ठेवायचा. नजर पुढे आहे म्हणजे चार सेकंदांनी लागणारा रस्ता आत्ता दिसतोय. पुढच्या चाकासमोरचा खड्डा दिसून तसाही उपयोग नसतो, २५ च्या वेगाला सेकंदाला सात मीटर जाता.

जांभा
उतरताना हेअरपिनचा एक फायदा कोणी सांगितला नाही. खालचा रस्ता आतल्या बाजूला, तुमच्या पायाखालीच असतो. वळणात शिरायच्या पन्नास मीटर आधी कठड्यावरून एक नजर खाली टाकायची. एसटी किंवा ट्रक चढत येतोय का, किती लांब आहे, कळतं. उन्हाळ्यात झाडी विरळ असते तेव्हा हे छान जमतं. श्रावणात काही दिसत नाही, तेव्हा हॉर्न.

आणि ट्रक येत असेल तर तो वळण पूर्ण करेपर्यंत वरच थांबा. एकतर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे. दुसरं म्हणजे तुमचं डावं वळण हे त्याचं उजवं. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. त्याचं तोंड त्याच्या लेनमध्ये असलं तरी ढुंगण तुमच्या लेनमध्ये येतं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असेल तर मागच्या ट्रॉलीला पूर्ण रस्ताही पुरत नाही.

अकरा_नंबर
सगळं वाचलं. माझ्या मते सोपं आहे. 'बाहेर-आत-बाहेर' ही रेषा पकडा. डाव्या वळणाला मधल्या पट्ट्यालगत शिरा, आत डाव्या कडेला टेका, परत पट्ट्याकडे सुटा. त्रिज्या आपोआप वाढते, गाडी कमी झोपवावी लागते.

घाटकरी
अकरा_नंबर, ही ट्रॅकची रेषा आहे. कोइमतूरच्या कारी रेसट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. घाटात दोन्ही 'बाहेर' म्हणजे पट्ट्याला चिकटणं, आणि जांभा यांनी वर सांगितलेली ट्रॉली तिथेच येणार आहे.

घाटात आपली लेन तीन भागांत वाटून घ्या. डावा भाग वाळूचा, पानांचा, गटाराच्या ओहोळाचा. उजवा भाग समोरच्याचा. तुम्हाला मिळतो मधला. डाव्या हेअरपिनला या मधल्या भागाच्या उजव्या बाजूने शिरा आणि आत वळायची घाई करू नका. जिथे वळावंसं वाटतं त्याच्या दोन-तीन मीटर पुढे जाऊन मग वळा. आतल्या कडेला सर्वांत जवळ तुम्ही वळणाच्या निम्म्यावर नाही, दोन तृतीयांशावर असायला हवं. असं केलं की बाहेर पडताना गाडी सरळ होत असते आणि पट्टा लांब राहतो.

साडेतीन_गिअर, तुम्ही बहुधा उलट करताय. डावीकडे चिकटून शिरता, सुरुवातीलाच आतल्या कडेला पोचता आणि मग रस्ता तुमच्यापासून दूर वळतो. 'निम्मं वळण झाल्यावर बाहेर जाते' हे लवकर वळल्याचंच लक्षण.

साडेतीन_गिअर
घाटकरी, बरोबर ओळखलंत. समोरून येणाऱ्याची भीती वाटते म्हणून डावीकडे चिकटूनच शिरतो. म्हणजे पट्ट्यापासून लांब राहण्याच्या नादात पट्ट्यावर जातोय.

सुकी_चेन
+१. कडेला चिकटलात की वळणाच्या पलीकडचं दिसतही कमी.

हेअरपिन नसलेल्या साध्या आंधळ्या वळणाला आणखी एक खूण वापरता येते. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू बघा. तो तुमच्यापासून पळत असेल तर वळण उलगडतंय. जागच्या जागी असेल तर आहे तो वेग ठेवा. तुमच्याकडे यायला लागला तर वळण आवळतंय, वेग तिथेच कमी करा. आंबेनळीत आणि वरंधमध्ये आवळत जाणारी वळणं भरपूर आहेत, तिथे हा बिंदू फलकापेक्षा खरं बोलतो.

क्लचप्लेट_पाटील
आता ब्रेकवर या. सगळं ब्रेकिंग गाडी सरळ असतानाच संपवायचं. झोपवल्यावर ब्रेकला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही. टायरकडे पकड ठरावीक असते. ती वळण्यात खर्च झाली की थांबण्यासाठी उरत नाही. विषय संपला.

घाटकरी
पाटील, सपाटीवर मान्य. उतारावर नाही. थ्रॉटल बंद आणि ब्रेक सोडलेला असताना उतार गाडीला ओढतोच. वळणात शिरताना २५ असलेला वेग सुटताना २९ होतो. २५ ला जी रेषा पुरत होती ती २९ ला पुरत नाही.

क्लचप्लेट_पाटील
मग इंजिन ब्रेकिंग कशासाठी आहे? दुसऱ्या गिअरमध्ये १५० सीसीचं इंजिन उतारावर वेग धरून ठेवतं. नसेल ठेवत तर पहिला टाका. जुना नियम आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

घाटकरी
नियम चांगला आहे. फक्त डाव्या लेनच्या आतल्या कडेच्या उतारावर दुसरा गिअर पुरेलच असं नाही आणि पहिला टाकला तर गचका बसतो. तिथे मागचा ब्रेक हलका, म्हणजे ब्रेक लाइट लागेल आणि बूट पेडलवर विसावेल एवढाच, वळण सुटेपर्यंत ठेवायला हरकत नाही. लावायचा नाही, ठेवायचा. सरळ असताना लावलेला तोच पुढे नेत हळूहळू सोडायचा. झोपलेल्या गाडीत नव्याने कचकन पेडल दाबणं ही वेगळी गोष्ट, त्याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत.

क्लचप्लेट_पाटील
एवढं मान्य. पण लोक 'हलका' वाचतात आणि पाय देतात. ज्यांच्याकडे सिंगल चॅनेल एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) आहे त्यांनी लक्षात ठेवा, ते फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक लॉक होतं. आणि साध्या एबीएसला गाडी झुकलीये की सरळ आहे हे कळत नाही. ते कळणारं एबीएस केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या मोजक्या गाड्यांना आहे. 'एबीएस आहे' म्हणून वळणात पुढचा ब्रेक आवळणारे झोपतातच.

कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने ४० च्या वेगातून थांबायला साधारण ११ मीटर लागतात, त्याआधी विचार करण्यात तेवढेच ११ जातात. ६० ला हे सगळं मिळून ४० मीटर. हेअरपिनचा फलक दिसल्यावर काय करायचं, ते या आकड्यांवरून ठरवा.

गगनभेदी
फलक दिसल्यावर फोटो काढायचा असतो ना?

टॅपेट
गाडीची तपासणी कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो.

हवा. पंपावर न विचारता दोन्ही चाकांत ४०-४० भरून देतात. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय एवढंच लागतं. तुमच्या गाडीचा आकडा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) किंवा चेनकव्हरवर चिकटवलेला असतो, तोच खरा. हवा टायर थंड असताना मोजायची, घाट उतरून आल्यावर नाही. जास्त हवेचा टायर रस्त्याला कमी जागेत टेकतो आणि बारीक खडीवर उडतो.

टायर. 'बरे आहेत' म्हणजे काय? नक्षी उरली आहे एवढं पुरत नाही. रोज सरळ हायवे मारणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. मागून उकिडवे बसून बघा, गोलाई दिसते की पाटासारखा चौकोन? चौकोनी टायर गाडी झोपवायला आधी विरोध करतो आणि कडेवर गेला की एकदम पडतो. बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही दिसो. नवे टायर टाकले तर पहिले शंभर-दीडशे किमी गुळगुळीतपणा जाईपर्यंत जपून.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा. शॉकअपच्या खालच्या टोकांना धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर कोनसेट सैल. मग हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉल रेसमध्ये खड्डे पडलेत. असं हँडल सरळ जायला बघतं, वळणात सतत भांडतं.

अकरा_नंबर
टॅपेट, यातलं काही असतं तर उजव्या वळणालाही त्रास झाला असता ना?

टॅपेट
हो. म्हणूनच तपासून बाजूला ठेवायचं. डोक्यातून शंका गेली की माणूस गाडीला दोष देत बसत नाही.

मागची_सीट
डबलसीटबद्दल कोणी लिहीत नाही, नेहमीप्रमाणे. मागे बसणाऱ्याला निघायच्या आधी एक गोष्ट सांगा, वळणात चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघ. डावं वळण तर डावा खांदा. एवढ्याने मागच्या माणसाचं अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. भीतीने उलट्या बाजूला ताठ बसलं तर चालवणाऱ्याला तेच वळण घ्यायला गाडी अजून झोपवावी लागते.

ब्रेक लागला की पुढच्यावर आदळायचं नसेल तर टाकीला एक हात लावून ठेवायचा, उतारावर दोन्ही. मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन खाचा कडक करून घ्या, नाहीतर गाडीचं बूड बसतं आणि स्टँड लवकर घासतो. आणि कृपया 'घाबरतेस कशाला' म्हणू नका, मागून रस्ता दिसत नसतो.

जांभा
ताई, शेवटच्या वाक्याला दंडवत.

अकरा_नंबर
गुडघा टेकवून वळण घेण्याबद्दल काय मत? व्हिडिओत मस्त दिसतं.

क्लचप्लेट_पाटील
गुडघा टेकवायची हौस ज्यांना आहे त्यांनी मद्रासच्या ट्रॅकवर जावं, ३.७ किमी पसरलेला आहे, टेकवा कुठे टेकवायचा तो. घाटात तिथे गोट्यांची खडी आणि गुटख्याची पिंक असते.

घाटकरी
पाटील यांच्या शैलीत नको म्हणून एवढंच सांगतो. अंग आत नेलं की त्याच वेगाला गाडी थोडी कमी झोपवावी लागते, हे खरं. घाटात त्यासाठी सीटवरून उतरायची गरज नाही. कोपर सैल, छाती जरा पुढे, आणि डोकं आतल्या आरशाकडे. डाव्या वळणाला हनुवटी डाव्या आरशाच्या रेषेत आली की पुरे. बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट लावायचा म्हणजे हातांवर भार येत नाही. अंगाचं वजन हँडलवर टेकवलेला माणूस हँडल वळवू शकत नाही, तो त्याला लोंबकळत असतो.

पण हे २५-३० च्या वर. चढावर, १२-१५ च्या वेगाला हेअरपिन घेताना उलट करायचं. अंग सरळ ठेवून गाडी आपल्याखाली झुकवायची, पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक अगदी हलका. दुसऱ्यात चढायला गेलं की इंजिन धडधडून बंद पडतं आणि गाडी आतल्या बाजूला बसते. बंद पडलेली गाडी उतारावर पायाने सावरता येत नाही, आतल्या बाजूला जमीन खाली गेलेली असते.

गोंयकार_रायडर
चोर्ला उतरताना पावसात काय करावं यावर लिहा ना कोणीतरी. धुकं आणि शेवाळ दोन्ही.

जांभा
पावसात पकड कमी होते हे सगळ्यांना माहीत असतं, कुठे कमी होते ते नसतं.

मोसमाचा पहिला पाऊस सर्वांत वाईट, महिनोन्‌महिने साचलेलं तेल वर येतं. दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की रस्ता धुतला जातो. हेअरपिनमध्ये मोठ्या गाड्यांच्या काठोकाठ भरलेल्या टाकीतून डिझेल सांडतं, बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूला. ओल्या रस्त्यावर सप्तरंगी चट्टा दिसला किंवा वास आला तर ती चाकोरी सोडा. कोरड्यावर मात्र तो नुसता काळा डाग दिसतो.

काही घाटांत हेअरपिनवर डांबर टिकत नाही म्हणून पेव्हर ब्लॉक बसवलेत. कोरडे असताना छान, ओले आणि हिरवे झाले की साबण. डांबर जिथे संपतं आणि ब्लॉक सुरू होतात तिथे बोटभर पायरी असते, ती गाडी सरळ असताना ओलांडा. पांढरे पट्टे, रबरी गतिरोधक, मधले चमकणारे खिळे, यांच्यावर झुकलेलं चाक नको. सावलीत कायम ओल असलेल्या वळणाला कडेला हिरवी साय दिसते, तिथे लेनचा उजवा भागच बरा.

धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे जाऊ नका. तिचा चालकही आंधळाच असतो.

आल्प्सवासी_नाना
इकडे उजव्या बाजूने चालतात, तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. इटलीतल्या स्टेल्व्हिओला एका बाजूने ४८ हेअरपिन आहेत आणि सगळे जण रडतात ते उजव्या वळणांच्या नावाने. कारण घाटकरी यांनी सांगितलं तेच, आतली लेन. म्हणजे डावा-उजवा हात हा मुद्दा नाही, लेन हा मुद्दा आहे.

टॅपेट
नाना, लेनचा मुद्दा खराच. पण हाताचाही असू शकतो.

साडेतीन_गिअर, एक विचारतो. त्या डाव्या वळणात तुमच्या डाव्या हाताची बोटं कुठे असतात?

साडेतीन_गिअर
क्लचवर. दोन बोटं. आणि खरं सांगायचं तर क्लच थोडा दाबलेलाच असतो, नाहीतर थ्रॉटल सोडल्या-धरल्यावर गाडी गचके खाते.

टॅपेट
मग हे घ्या.

२० च्या वर गाडी डावीकडे वळवायची तर डावं हँडल पुढे ढकलावं लागतं. विचित्र वाटेल, पण सरळ मोकळ्या रस्त्यावर ४० ला करून बघा, डाव्या तळव्याने हळूच पुढे दाबलं की गाडी डावीकडेच झुकते. आपण सगळे नकळत तेच करतो. म्हणजे डाव्या वळणाला काम करणारा हात डावा. तोच हात तुम्ही क्लच ओढून धरण्यात गुंतवलाय. बोटं आत ओढतायत आणि तळवा पुढे ढकलणार, अशी ओढाताण झाली की दाब अर्धाच पडतो. उजव्या वळणाला उजवा हात ढकलतो, डावा क्लच धरून बसला तरी काही बिघडत नाही. तुमचं उजवं वळण म्हणूनच जमतं.

दुसरं, क्लच दाबलेला म्हणजे इंजिन चाकापासून सुटलेलं. पाटील ज्या इंजिन ब्रेकिंगच्या भरवशावर आहेत ते तुमच्याकडे वळणात नाहीच. सर्वांत तीव्र उताराच्या जागी गाडी जवळजवळ न्यूट्रलमध्ये उतरतेय. वेग वाढतो, त्याच वेळी हँडलवरचा दाब कमी. बाहेर जाणारच.

नाना, तुमच्याकडे उजव्या वळणाला ढकलणारा हात थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक सांभाळत असतो. तिथेही हात मोकळा नाही.

आल्प्सवासी_नाना
हे डोक्यात आलं नव्हतं. पटलं.

क्लचप्लेट_पाटील
टॅपेट, नमस्कार स्वीकारावा. आयडी मी बदलून घेतो.

सुकी_चेन
मग उपाय. गिअर वळणाच्या आधी, सरळ असताना पडायला हवा. ब्रेक, गिअर, क्लच पूर्ण सुटलेला, डावा हात मोकळा मुठीवर, मग नजर, मग ढकलायचं. या क्रमात.

सरावाला घाट नको. मोकळं मैदान घ्या, डांबराचं मिळालं तर उत्तम. पाण्याच्या बाटल्या मांडून दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ करा. दुसरा गिअर, १८-२० चा वेग, क्लचला हात न लावता डावीकडून वीस फेऱ्या, उजवीकडून वीस. बघायचं नेहमी वर्तुळाच्या पलीकडच्या बाटलीकडे. मग दोन बाटल्या बारा मीटरवर ठेवून इंग्रजी आठ. आरटीओच्या परीक्षेत काढतात तोच, फक्त पाय न टेकता आणि पंचवीस वेळा. हे जमलं की घाटातला एकच चार-पाच किमीचा तुकडा निवडा आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी तोच वर-खाली करा. रोज नवा घाट केला की वळण शिकत नाही, नकाशा शिकतो.

साडेतीन_गिअर
पण क्लच सोडला तर गचके बसतात, त्याचं काय?

टॅपेट
गचके हे मूळ. ते तीन ठिकाणांहून येतात.

थ्रॉटलच्या वायरला मोकळा फिरा जास्त असेल तर. मुठीवर मोजा, २ ते ३ मिमी फिरल्यावर ओढ लागायला हवी. ६-७ असेल तर वळणात थ्रॉटल धरताना आधी काहीच होत नाही, मग एकदम होतं.

मागच्या चाकातले डँपर रबर. गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे ढकला, स्प्रॉकेट आणि चाक वेगवेगळे हलले तर रबर गेले.

आणि चेन. बंद चेनकव्हर असेल तर खालचं रबरी बूच काढा. खालच्या बाजूच्या मधोमध बोटाने वर-खाली करून एकूण हालचाल पट्टीने मोजा. बऱ्याच १५० सीसींना २५ ते ३५ मिमी. एकाच ठिकाणी मोजू नका, चाक थोडं थोडं फिरवत पाच-सहा ठिकाणी.

साडेतीन_गिअर
मोजलं. थ्रॉटल ३, ठीक. रबर ठीक वाटतात. चेन सर्वांत सैल जागी ४५ आणि सर्वांत घट्ट जागी २०. मेकॅनिक म्हणतो ताणून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

टॅपेट
ताणू देऊ नका. २५ मिमीचा फरक म्हणजे चेन एकसारखी झिजलेली नाही. सैल जागा ३० वर आणलीत तर घट्ट जागा ५ मिमीवर येईल आणि शॉकअप दबला की चेन तारेसारखी ताणून गिअरबॉक्सचं बेअरिंग खाईल. पुढचं-मागचं स्प्रॉकेट आणि चेन, पूर्ण सेट बदला. नुसती चेन नको, जुने दात नवी चेन महिनाभरात खराब करतात. बसवल्यावर चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते स्वतः बघा, एक रेघ इकडेतिकडे असेल तर चाक तिरपं बसतं. पाचशे किमीनंतर परत मोजा, नवा सेट सुरुवातीला थोडा सैल पडतो.

गगनभेदी
आणि तोवर?

साडेतीन_गिअर
हळू चालवतो.